मधे बसा, काका

आमचे मेहुणे न्यू जर्सीत असतात तेव्हा त्यांचं वजन फक्त जरा जास्त असतं. दिवाळीला अलिबागला आले की ते लठ्ठ होतात. यात आमच्या घरच्या करंज्यांचा काही दोष नाही. पहिली करंजी तोंडात जायच्या आधीच हे घडलेलं असतं. उंची पाच फूट सहा इंच, वजन 72 किलो. तिकडून निघताना जे आकडे होते तेच इकडे उतरताना. किलोच्या आकड्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की जो बीएमआय निघतो, तो त्यांचा साडेपंचवीसच्या किंचित वर. अमेरिकेतला डॉक्टर पंचवीसच्या पुढे ‘वजन जास्त’ म्हणतो आणि लठ्ठ म्हणायला तीसपर्यंत थांबतो. आपल्याकडच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये एकत्र बसून ठरवलं, की भारतीय माणसाला तेवीसलाच टोकायचं आणि पंचवीसला लठ्ठ म्हणून मोकळं व्हायचं. मी हे समजावून सांगितलं तेव्हा मेहुण्यांनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि विचारलं, “म्हणजे भावोजी, परत गेलो की मी बरा होणार?”

प्रश्न अगदीच वेडगळ नाही. 1998 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञांनी ‘वजन जास्त’ची रेघ सत्तावीस-अठ्ठावीसवरून पंचवीसवर ओढली आणि जवळजवळ तीन कोटी माणसं रात्री ठीकठाक झोपून सकाळी जाड होऊन उठली. एक घासही जास्त न खाता.

हा बीएमआय ज्याच्या डोक्यातून निघाला तो आदोल्फ केतले बेल्जियमचा. वैद्यकाशी त्याचा संबंध नव्हता. तो खगोलशास्त्रज्ञ, ब्रुसेल्सच्या वेधशाळेचा प्रमुख, आणि त्याला नाद होता ‘सरासरी माणूस’ शोधण्याचा. त्या नादापायी त्याने स्कॉटलंडच्या पाच हजारांवर सैनिकांच्या छातीची मापं तपासली होती. मोठ्या माणसाचं वजन उंचीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं, एवढं त्याला 1830 च्या दशकात दिसलं आणि ते लिहून ठेवून तो पुढच्या कामाला लागला. कोण जाड, कोण बारीक, हा त्याचा विषयच नव्हता. पुढे 1972 मध्ये अमेरिकेच्या अॅन्सेल कीज यांनी ते सूत्र बाहेर काढलं, अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांवर ताडून पाहिलं आणि त्याचं बारसं केलं. त्या सात हजारांत बायका नव्हत्या. भारतातला तर कुणीच नव्हता. मग तो काटा आमच्या पोटाला चपखल बसेल कशाला?

केतलेला आणखी एक छंद होता, पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचा, आणि तिथे त्याचं आमच्या गावाशी नातं लागतं. अलिबागला समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे, 1904 पासून. मुंबईत विजेवरच्या ट्रॅम धावायच्या होत्या, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली सुई बहकली असती, म्हणून चुंबकत्वाचं बिऱ्हाड खाडी ओलांडून इकडे आलं. इमारत बांधताना लोखंड वर्ज्य. काट्याच्या आसपास काय आहे ते बघून मग काटा मांडावा, हे शहाणपण आमच्या गावात एकशे वीस वर्षं उभं आहे. आम्ही त्याच्या कुंपणाला टेकून भेळ खातो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच शहाणपण माणसाच्या शरीराला लावलं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटासा लेख आला. दोघांचा फोटो शेजारी शेजारी. दोघेही सडसडीत, दोघांचा बीएमआय 22.3, दशांशातसुद्धा फरक नाही. मग अंगातली चरबी मोजली. युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिक यांच्यात 21.2. एक शब्द न बोलता एवढी मोठी गोष्ट सांगणारा विनोद मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो करताना स्वतःचंच पोट पणाला लावायला मोठं मन लागतं.

याज्ञिकांनी याचं मूळ पाळण्यापर्यंत नेलं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. तिथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. आपलं बाळ सगळीकडून कमी, स्नायूंनी कमी, पोटातल्या अवयवांनी कमी; चरबी मात्र त्याने त्या मानाने जपून ठेवलेली. उपाशी आईच्या पोटात दिवस काढताना त्याने पुढची बेगमी करून ठेवली. पुढे हे पोर मोठं होतं, शहरात जातं, खुर्चीवर बसतं, वडापाव खातं, आणि बाहेरून किडकिडीत दिसत असतानाच त्याला तिशी-चाळिशीत साखर निघते. म्हणून आमच्या मेहुण्यांना पंचवीसलाच लठ्ठ म्हणतात. मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे यात आईची चूक?” आमची सासू स्वयंपाकघरातच होती. मी विषय बदलला.

या जिल्ह्यात ही गोष्ट समोरासमोर मांडलेली दिसते. किहीम-आवासच्या बाजूला बंगल्यांवर शनिवारी सकाळी ट्रेनर येतात, आणि तिथून काही मैलांवर डोंगराच्या बाजूला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. अंगणवाडीताई आढ्याला काटा टांगते, झोळीत पोर घालते, पोर रडतं, काटा हलतो, आणि तो थांबेपर्यंत सगळ्या आया श्वास धरून बसतात. काटा पुढे गेला तर आनंद. पावशेर वाढला तरी आनंद. पाऊस संपला की त्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर निघून जातात आणि काट्याखाली झोळ्या कमी होतात. वजन वाढल्याची काळजी आणि वजन न वाढल्याची काळजी एकाच तालुक्यात, एकाच एसटीने प्रवास करते.

या विषयात मला सगळ्यांत मोठा तज्ज्ञ वाटतो तो किनाऱ्यावरचा घोडागाडीवाला. ओहोटी लागली की तो पर्यटकांना ओल्या वाळूवरून कुलाबा किल्ल्यापर्यंत नेऊन आणतो. गिऱ्हाईक येताना दिसलं की तो आधी भाव सांगत नाही, आधी बघतो. कुटुंब सहा जणांचं असेल तर एका नजरेत त्याची मांडणी ठरते. “काका, तुम्ही मधे बसा. मधे, मधे, अजून पुढं सरका. ताई, तुम्ही मागं बसला तरी चालंल. पोरगा माझ्याबाजूला.” मागे भार पडला की गाडी उलाळ होते, दांड्या वर उचलल्या जातात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो आणि घोडा वाळूतच उभा राहतो. पुढे भार पडला तर तो घोड्याच्या पाठीवर. म्हणून भार चाकांच्या वर पाहिजे. काकांचे किलो किती याच्याशी त्याला कर्तव्य नाही, ते किलो काकांनी कुठे ठेवलेत एवढंच तो बघतो. मी एकदा त्याला विचारलं, की कुणाला कुठे बसवायचं हे कसं कळतं. तो म्हणाला, “पोट चालतं ना पुढं, मान्साच्या आधी.” डॉक्टर मंडळी कमरेला टेप लावतात ती याचसाठी. चरबी मांडीवर बसली तर फारसा त्रास देत नाही, पोटात आतड्यांभोवती बसली की घात करते.

जपानने ही घोडागाडीवाल्याची नजर कायद्यातच घातली. 2008 पासून तिथे चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या माणसांची दरवर्षी कंबर मोजतात. पुरुषाला 85 सेंटिमीटर, बाईला 90. रेघ ओलांडली तर त्या माणसाला सल्ला मिळतो आणि विमा संस्थेची माणसं आटोक्यात राहिली नाहीत तर दंडाचा भुर्दंड त्या संस्थेला. जपानमध्ये तीसच्या वर बीएमआय असलेली माणसं शंभरात चार-पाच. वजन उतरवायची पोटाची शस्त्रक्रिया तिथे फारच थोडे जण करून घेतात.

शस्त्रक्रिया म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचा किंवा अन्नाची वाट बदलायची. 1966 मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठरातूनच वाट बदलण्याचा पहिला प्रयोग केला. आता जास्त चालते ती ‘स्लीव्ह’, तीत पाऊण जठर काढतात आणि नळीएवढं मागे ठेवतात. त्याबरोबर भूक लावणाऱ्या संप्रेरकाचा कारखानाही बराचसा जातो, म्हणून माणसाला नुसतं जेवण कमी जात नाही, त्याची आठवणही कमी येते.

आता कुणालाही वाटेल की ज्या देशात जाड माणसं जास्त तिथे ही शस्त्रक्रिया जास्त. मला तसंच वाटत होतं. पण जगाचा नकाशा उघडला की हिशेब उलाळ होतो. जाडीत सगळ्यांत पुढे पॅसिफिक महासागरातली बेटं. टोंगात दर दहा मोठ्या माणसांत सात लठ्ठ. तिथले राजे चौथे तुपौ दोनशे किलोंच्या वर होते, जगातले सर्वांत वजनदार राजे म्हणून त्यांची नोंद झाली, आणि नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतः सायकल मारून, व्यायाम करून प्रजेला वजन उतरवायला लावायचा चंग बांधला. राजा बारीक झाला, प्रजा जिथल्या तिथे. पण शस्त्रक्रियांच्या यादीत टोंगाचं नाव शोधून सापडत नाही. त्या यादीत वर आहे बेल्जियम. तोच, केतलेचा. लोकसंख्या जेमतेम एक कोटी पंधरा-वीस लाख आणि वर्षाला दहा हजारांवर शस्त्रक्रिया. शेजारच्या ब्रिटनमध्ये माणसं बेल्जियमच्या पाचपट-सहापट, जाडीही जास्त, आणि सरकारी खर्चाने होणाऱ्या शस्त्रक्रिया मात्र बेल्जियमपेक्षा कमी. कारण साधं आहे. बेल्जियममध्ये 2007 पासून सरकारी विमा पैसे देतो. ब्रिटनमध्ये रांग इतकी लांब की लोक इस्तंबूलचं तिकीट काढतात. अमेरिकेत दर दहांत चार लठ्ठ, शस्त्रक्रिया वर्षाला अडीच-पावणेतीन लाख, तरीही जे पात्र आहेत त्यांच्यापैकी शंभरात एखादाच टेबलावर चढतो.

म्हणजे पोटाला कात्री लागणार की नाही हे पोटावर फारसं अवलंबून नाही. खिसा, विमा, सरकार आणि शेजारी यांच्यावर आहे.

शेजाऱ्यांचं मला कळलं ते मुरूडच्या एका चाचांकडून. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. चाचांनी कुवेतमध्ये उमर काढली. कुवेतमध्ये दर पाचांत दोघे लठ्ठ, आणि लोकसंख्येच्या मानाने शस्त्रक्रिया करून घेण्यात तो देश जगात अगदी पुढे. चाचा म्हणाले, “आपल्याकडं मोतीबिंदूचं करतात ना, तसं तिथं. कोणी भेटायला पण येत नाही. आमच्या सेठच्या घरातल्या तिघांनी केलं, एकाच डॉक्टरकडं.” स्वतः चाचा जन्मभर तिथलं खाऊनही सुपारीच्या झाडासारखे सरळ. मी कारण विचारलं. “सेठ बसायचा, मी उभा राहायचो.”

आपल्याकडे शस्त्रक्रिया वर्षाला काही दहा-वीस हजार, एकशे चाळीस कोटींत. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंचवीसच्या वर बीएमआय असलेल्या बायका 24 टक्के निघाल्या आणि पुरुष जवळपास 23 टक्के. म्हणजे दर चौघांत एकाचं ‘वजन जास्त’, आणि तेही अमेरिकन रेघेने. खासगी रुग्णालयात खर्च तीन-चार लाखांच्या घरात, त्यामुळे ही शस्त्रक्रिया आम्हाला पहिल्यांदा कळली ती पुढाऱ्यांमुळे. 2011 मध्ये नितीन गडकरींनी करून घेतली, 2014 मध्ये अरुण जेटलींनी, आणि दोघांच्याही बातम्या झाल्या. त्यानंतर आमच्या नाक्यावर कुणी पुढारी बारीक दिसला की लोक आधी पोटाकडे बघतात, मग पक्षाकडे.

विम्याची गंमत वेगळीच. 2022 मध्ये ही शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या दोन मोठ्या संघटनांनी सांगितलं, की आशियाई माणसाला 27.5 पासूनच शस्त्रक्रियेचा विचार सुचवावा. आपल्या विमा नियामकाने 2019 मध्ये घातलेली अट मात्र चाळीसची, किंवा मधुमेह वगैरे गंभीर दुखणं जोडीला असेल तर पस्तीसची. मेहुण्यांच्या उंचीला हिशेब मांडला. शल्यचिकित्सक त्यांना 77 किलोंना दारात घेतील, विमावाला 112 किलोंना. डॉक्टर म्हणतात लवकर या, विमावाला म्हणतो, अजून पस्तीस किलो खाऊन या.

आणि हसणं. ते सगळ्या देशांत फुकट मिळतं. फेब्रुवारी 2017 मध्ये मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका अवाढव्य पोलिसाचा फोटो टाकून मुंबईच्या ‘भारी’ बंदोबस्ताची थट्टा केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला निघाला. त्याने आपल्या दुखण्याची गोष्ट सांगितली, आणि शेवटी मुंबईतल्याच सैफी रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया झाली. आम्हा अलिबागकरांना हसण्याचा हा जाच चांगला ठाऊक आहे. “अलिबागवरून आलास काय?” हे मुंबईकराचं कुणालाही बावळट ठरवण्याचं जुनं हत्यार. 2019 मध्ये आमच्याकडच्या एका गृहस्थाने त्यावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने तो फेटाळला. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा सूर होता. कायद्याने बरोबरच असेल. फक्त ‘हलकं घ्या’ हा सल्ला नेहमी त्यालाच मिळतो, ज्याच्यावर भार पडलेला असतो.

मार्च 2025 मध्ये वजन उतरवणारं औषध मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये तसंच वेगोवी. आठवड्याला एक सुई, भूक गप्प. पूर्वी शनिवारी बंगल्यावर येणारी पाहुणेमंडळी सुरमईचा भाव विचारायची, आता त्यांच्यातले काही जण फ्रीजमध्ये जागा विचारतात. कोळीणबाईंना हे कुणी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं सुरमई महागली म्हणून गिऱ्हाईक कमी घेतंय.

आमच्या ओळखीच्या एका मुलाने मात्र सुईचं युग यायच्या आधीच स्लीव्ह करून घेतली होती. वय पस्तीस, वजन 130, साखर, घोरणं, सगळं जोडीला. खारेपाटातली जमीन गेली, पैसे आले, गाडी आली, चालणं संपलं. या पट्ट्यात ही गोष्ट घरोघरची आहे. शस्त्रक्रिया झाली, चाळीस किलो उतरले, साखरेच्या गोळ्या सुटल्या. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी मासा-अंडं मग भात, जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. एकच गोष्ट सांगायची राहिली. आगऱ्यांच्या हळदीला गेल्यावर काय करायचं?

कारण हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडवात बेंजो, मागच्या अंगाला चुलवणावर मटणाची टोपं, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, आणि वाढणाऱ्या बायकांना ‘पुरे’ हा शब्द ऐकू येत नाही. हा मुलगा नवरदेवाचा सख्खा मावसभाऊ, टाळणं शक्य नव्हतं. पंगतीला बसला. अर्धी भाकरी, दोन तुकडे, आणि हात थांबला. पूर्वी हाच मुलगा पहिल्या पंगतीला बसून तिसऱ्या पंगतीला उठायचा. मावशी टोप घेऊन आली ती त्याच्यासमोरच उभी राहिली.

“जेव रं. लाजतंस कनाला?”

“मावशे, झालं माझं.”

“झालं? कोनी काय बोललं काय तुला?”

“नाय गो. ऑपरेशन केलंय ना. पोट काढलंय.”

मावशीने टोप खाली ठेवला. शेजारच्या पानावरचे दोघे जेवायचे थांबले. “किती काढलं?”

“पंच्याहत्तर टक्के.”

मावशीने क्षणभर हिशेब केला आणि पळी परत टोपात घातली. “मंग पंचवीस टक्क्यापुरतं तरी वाढू दे.”